आवाज वाढविणे आणि आवरणे
१९१९ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण विजेच्या कर्ण्यांमुळे हजारोंना ऐकू गेले. पुढे १९२५ साली राइस व केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर सिद्ध केला. त्या वेटोळ्याचा रोध अवघा काही ओहम; अॅम्प्लिफायरच्या व्हाल्व्हला मात्र हजारो ओहमांचा भार मानवतो. हे विजोड स्थळ ट्रान्सफॉर्मरने जुळविले. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ असेल, तर भार वर्गपटीने, म्हणजे ६२५ पट वाढलेला दिसतो. ८ ओहमांचा स्पीकर व्हाल्व्हला ५,००० ओहमांचा भासतो.

खरी कसोटी आवाज उतरविताना लागली. स्पीकर दूरच्या खोलीत असला, तर तेथल्या तेथे आवाज कसा आवरावा? तार तोडली, तर भाराविना ट्रान्सफॉर्मरमध्ये विजेचा दाब भडकून गुंडाळीचे वेष्टण फुटण्याची भीती. म्हणून एक रोध तारेत व दुसरा स्पीकरला समांतर जोडणारा नियंत्रक योजण्यात आला. तो जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने पचवितो. अॅम्प्लिफायरवरील भार जवळजवळ तोच राहतो. मात्र हा नियंत्रक अॅम्प्लिफायरची पूर्ण शक्ती सोसणारा हवा. नाहीतर प्रथम तोच जळतो.