गणसूत्राचे दूरचे गोत

शाळेत वृत्तांचे गण ध्यानात राहावेत म्हणून 'यमाताराजभानसलगम्' घोकलेल्या वाचकाला, रक्तातील पेशी मोजणाऱ्या एका अद्ययावत चिपच्या कुळात तेच सूत्र बसलेले आहे असे सांगितले, तर ते खरे वाटणार नाही. लघूच्या जागी शून्य आणि गुरूच्या जागी एक मांडून पाहीपर्यंत मलाही वाटले नव्हते.

पेशीमोजणीची मूळ युक्ती वॉलेस कूल्टर यांच्या १९५३ च्या पेटंटातली: सूक्ष्म छिद्रातून पेशी जाताच विद्युत्प्रवाह क्षणभर अडतो. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या फातिह सारिओग्लू व सहकाऱ्यांनी चार वाहिन्यांच्या तळाशी इलेक्ट्रोड निरनिराळ्या धन-ऋण क्रमांनी मांडून सर्वांचे संकेत एकत्र आणले. पेशी वाहता वाहता आपल्या वाहिनीचा सात अंकांचा शिक्का उमटवीत जाते, आणि दोन संकेत एकमेकांत मिसळले तरी एकेक शिक्का ताडून संगणक त्यांची फारकत करतो.

हे शिक्के रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कुळातले. सात अंकांच्या या कुळाचे मुद्दल दोन क्रमांचे: १११०१०० आणि त्याचाच उलटा ००१०१११. आता सूत्र घ्यावे: ०१११०१०००१. शेवटची दोन अक्षरे मात्रांनी पहिल्या दोहोंसारखीच, म्हणून ती गाळून उरलेली आठ वर्तुळात मांडली, तर आठही गण एकेकदाच येतात. आणि सलग आलेल्या तीन लघूंपैकी पहिला वगळला की हाती राहतो १११०१००, गोल्ड यांचाच क्रम!

या कुळाचे मूळपुरुषत्व हेडी लामार व जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या, ८८ कंप्रतांवर उड्या घेणाऱ्या संदेशयोजनेला देण्याची वहिवाट मला मान्य नाही; तिथे कंप्रता बदलते, इथे ती स्थिर राहून चिन्हांचा क्रमच ओळख पटवतो. आठही गण एकेकदाच आणणाऱ्या सूत्राच्या वर्तुळासारख्या चक्रांना डी ब्रॉइन यांचे नाव पडले ते १९४६ च्या लेखामुळे. पण फ्लाय सेंत-मारी यांनी १८९४ मध्येच ती मोजली होती, हे स्वतः डी ब्रॉइन यांनी १९७५ मध्ये मान्य केले. आपल्याकडे सूत्र पिंगलाच्या नावावर चालते, पण त्याच्या छंदःशास्त्रात ते नाही. माझा तर्क असा की, शिष्याच्या स्मरणावरचा भार हलका करू पाहणाऱ्या एखाद्या पाठशाळेतल्या शास्त्र्याची ती रचना असावी.

गोल्ड यांनी हे सूत्र पाहिल्याचा पुरावा नाही, म्हणून वारसाहक्काचा दावा कोणी करू नये. सगोत्रता मात्र अंकांनी सिद्ध आहे, आणि वाचकाने ती कागदावर स्वतः ताडून पाहावी.