नर्मदा परिक्रमा (पायी)

नर्मदा नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कुठेही न ओलांडता, दोन्ही तटांनी चालत पूर्ण करायची प्रदक्षिणा. मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे, मैकल डोंगररांगेत सु. १,०५७ मी. उंचीवर नदीचा उगम होतो, १,३१२ किमी. वाहून ती गुजरातमध्ये भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. दोन्ही तटांची मिळून चाल सु. २,६०० किमी. भरते आणि धरणांच्या जलाशयांना वळसे घालावे लागत असल्याने प्रत्यक्षात ती याहून वाढते. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात नर्मदेचे माहात्म्य आले आहे. परिक्रमेची परंपरा मार्कंडेय ऋषींपासून मानली जाते. ही वाट नियमांच्या आणि काठावरच्या गावांच्या आधाराने टिकली आहे. म्हणून तिचे नियोजनही या दोन गोष्टी समजून घेऊन करावे लागते.

मार्ग : परिक्रमा कोणत्याही तीर्थावरून उचलता येते आणि तिथेच पूर्ण होते. बहुतेक मराठी यात्रेकरू ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून निघतात. पश्चिमेकडे निमाडातून बडवानी, पुढे शूलपाणीच्या झाडीचा सातपुड्यातला डोंगराळ भाग, मग राजपीपला, अंकलेश्वर व समुद्रकाठचे विमलेश्वर असा हा टप्पा आहे. विमलेश्वरच्या बाजूने भरती साधून नाव सुटते आणि काही तासांनी पलीकडच्या मिठी तलाईला लागते. तट बदलण्याची ही प्रथामान्य जागा होय. उत्तर तटाने भडोच, नारेश्वर, महेश्वर, नेमावर, जबलपूर अशी वाटचाल करत अमरकंटकला उगमाला वळसा घालायचा आणि दक्षिण तटाने नर्मदापुरम, हंडिया करत ओंकारेश्वरला यायचे.

नियम व प्रकार : संकल्प, कन्यापूजन आणि कुपीत भरून घेतलेले नर्मदाजल यांनी आरंभ होतो. ही कुपी शेवटपर्यंत जवळ बाळगतात व परिक्रमा पूर्ण झाल्यावर ते जल ओंकारेश्वराला वाहतात. नर्मदा ओलांडायची नसली तरी तिला मिळणाऱ्या उपनद्या ओलांडता येतात. तवा, दुधी, शक्कर, हिरण, ओरसंग अशा नद्यांच्या संगमाशी उतार सापडला नाही, तर होडी शोधावी लागते किंवा काठाकाठाने वर जावे लागते. मार्कंडेय परिक्रमेत उपनद्याही ओलांडत नाहीत, त्यांच्या उगमांना वळसा घालतात. जलहरी परिक्रमेत समुद्रातूनही तट बदलत नाहीत. मुखाशी पोचून उलट फिरतात, त्यामुळे अंतर जवळजवळ दुप्पट होते. चातुर्मासात एका जागी राहून ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांत परिक्रमा पुरी करणे हा जुना दंडक आहे.

बदललेली वाट : बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी काठची जुनी वाट ठिकठिकाणी पाण्याखाली नेली. तिच्यासोबत घाट, मंदिरे आणि गावे गेली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले व गोरा येथे नवे उभे राहिले. शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूंना लुटले जाई आणि अंगावरच्या लंगोटीनिशी पुढे जाणे हा परिक्रमेचाच भाग मानला जाई. आज जलाशयाच्या वरच्या डोंगरांतील भिल्ल वस्त्यांमधून काही जण जातात. बरेच जण बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा असा नंदुरबार जिल्ह्यातून जाणारा सडकेचा मार्ग धरतात. या वाटेवर नर्मदा दूर राहते आणि तापी जवळ येते. निवड करताना अंतर, डोंगरचढ आणि मुक्कामांची सोय या तिन्हींचा विचार करावा.

नियोजन : कार्तिकी एकादशीनंतर निघणे सर्वांत सोयीचे. पावसाने वाढलेले ओढे तोवर उतरलेले असतात आणि थंडीत चाल सुसह्य होते. रोज २० ते २५ किमी. चालल्यास, विश्रांतीचे दिवस धरून, चार ते पाच महिने लागतात. एप्रिलपासून निमाडातले ऊन फार कडक होते, म्हणून तो भाग आधी उरकेल असा आरंभबिंदू निवडणे शहाणपणाचे. डिसेंबर-जानेवारीत अमरकंटकच्या पठारावर कडाक्याची थंडी असते. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव करावा. सामानात कपड्यांचे दोन जोड, पांघरूण, आसन, काठी, विजेरी, एखादे भांडे, नेहमीची औषधे आणि पायांना सवयीचे झालेले बूट पुरतात. जितके ओझे कमी, तितके लक्ष नदीकडे, शेतांकडे आणि माणसांकडे राहते. धरणातून पाणी सोडल्यावर पात्र झपाट्याने भरते. त्यामुळे मुक्काम उंचावर करावा आणि वाळूतून किंवा खडकांतून जाण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे. निघतानाच्या ठिकाणी परिक्रमेचे प्रमाणपत्र घेऊन वाटेत त्यावर शिक्के घेण्याची पद्धत आहे.

मुक्काम व सदावर्त : धर्मशाळा, आश्रम, शाळेची ओसरी किंवा एखाद्या घराची पडवी, कुठेही आसन लावता येते. ‘नर्मदे हर’ हा पुकारा ऐकला की घरातून प्रश्न येतो, ‘किती मूर्ती?’ परिक्रमावासीला इथे मूर्ती म्हणून मोजतात. सकाळी बालभोग म्हणजे न्याहारी, दुपारी भोजनप्रसादी किंवा स्वतः शिजवून खाण्यासाठी डाळ, तांदूळ, पिठाचा शिधा मिळतो. या शिध्याला सदावर्त म्हणतात. देणारे अनेकदा स्वतः हातातोंडाची गाठ घालणारे असतात. म्हणून लागेल तेवढेच घ्यावे, साठा करू नये, उष्टे टाकू नये, जागा झाडून निघावे आणि नदीत साबण वा प्लॅस्टिक जाऊ देऊ नये. हे आचरण सांभाळले तरच पुढच्या वाटसरूसाठी दार उघडे राहते.

मराठीशी संबंध : टेंबे स्वामी अर्थात वासुदेवानंद सरस्वती यांची समाधी नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे आहे (१९१४). गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी, जगन्नाथ कुंटे आणि भारती ठाकूर यांची परिक्रमेवरची पुस्तके यांनी असंख्य मराठी वाचकांना या काठाकडे वळवले. भारती ठाकूर यांनी परिक्रमेनंतर मंडलेश्वरजवळ लेपा गावी मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. ज्यांना सलग महिने काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांची रीत उपयोगी आहे. त्यांनी १९७७ पासून सवडीसवडीने, खंडाखंडाने काठ पायाखाली घातला आणि गुजराती-हिंदीत त्यावर लिहिले. चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा परिसरात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा सु. २१ किमी.ची असून एका दिवसात होते. नवख्याने आरंभ तिथून करावा आणि मोठ्या वाटेला पुरेशी तयारी झाल्यावर निघावे.