बाराचें माप : जुन्नर प्रांतांतील ठासणीच्या बंदुकीविषयीं एक टिपण

जुन्या कागदांत शस्त्रांची यादी आली म्हणजे वाचणाराची दृष्टि प्रथम नगांच्या संख्येवर जाते. बंदूक किती तोळ्यांची गोळी घेते, तिच्या दारूचें माप कोणतें, या बाबी किरकोळ समजून सोडून देण्याकडे आपला कल असतो. संग्रहांतहि बहुधा हेंच घडतें. नळी आणि दस्ता जपला जातो. दारूचें शिंग शोभेची वस्तु म्हणून निराळें जातें, आणि गोळ्या पाडण्याचा सांचा मोडींत निघतो. आमच्या मतें बंदूक, सांचा व माप ही एकच वस्तु होय. तिघांची ताटातूट झाली कीं जो पुरावा नष्ट होतो तो पुन्हा हातीं येणें नाहीं.

याचें कारण उघड आहे. हल्लींच्या काडतुसांत दारू किती व गोळी केवढी हें कारखान्यांतच ठरून येतें. ठासणीच्या बंदुकीचा बार मात्र प्रत्येक खेपेस भरणारानें स्वतः सिद्ध करावयाचा असतो. नळी गांवोगांवच्या कारागिरांनीं हातानें घडविलेली. एकीचा पोकळ व्यास दुसरीशीं तंतोतंत जुळत नाहीं. गोळी सैल झाली तर दारूचा धूर बाजूनें निसटतो व गोळी नळींत आपटत बाहेर पडते. घट्ट झाली तर मध्येंच अडकून नळी फुटण्याचें भय. म्हणून ज्याची बंदूक त्याचाच सांचा, हा नियम होय.

गोळीचें वजन हेंच बंदुकीचें खरें नांव. शुद्ध शिशाची एक तोळा (180 ग्रेन, म्हणजे सुमारें 11.66 ग्रॅम) वजनाची वाटोळी गोळी सुमारें 12.5 मिलिमीटर व्यासाची होते. अर्ध्या तोळ्याची सुमारें 10, पाव तोळ्याची सुमारें 8. इंग्रजांची 'बोअर' ही संज्ञाहि याच जातीची आहे. एक पौंड शिशाच्या नळीस बसतील अशा जितक्या सारख्या गोळ्या, तितकी ती बोअर. पौंडाचे ग्रेन 7000. तेव्हां तोळ्याची बंदूक सुमारें 39 बोअरची ठरते, आणि 12 बोअरची गोळी सव्वातीन तोळ्यांच्या आसपास भरते. व्यासाऐवजीं वजन सांगण्याची ही चाल अडाणीपणाची नव्हे. तोळ्याच्या गोळीचा व्यास अर्ध्या मिलिमीटरनें घटला तर डोळ्यांस तो फरक क्वचितच कळेल. वजन मात्र शेंकडा 11 हून अधिक घटतें, व सोनाराच्या कांट्यावर तें तत्काळ दिसतें. आईन-इ-अकबरींत अबुल फजल सांगतो कीं, नळीचें बूड बसविण्यापूर्वींच गोळीचें वजन मुक्रर होत असे. लांब बंदुकीस तें 25 टांकांहून व लहानीस 15 टांकांहून अधिक नसे.

आतां दारूकडे वळूं. शुक्रनीतींतील नालिकास्त्राचें प्रकरण वाचकांस परिचित असेलच. लल्लनजी गोपाल यांनीं 1962 मध्यें हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादन केलें. तें मान्य केलें तरी बंदुकीच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा साक्षी म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं. सोरा पांच पल, गंधक एक पल व रुई, निवडुंग इत्यादिकांचा कोंडून जाळलेला कोळसा एक पल, असें प्रमाण तेथें आहे. सोऱ्याचे सहा किंवा चार भागहि चालतात. सहा भाग घेतले असतां सोरा शेंकडा 75 पडतो, आणि इंग्रजी दारूंतहि सोऱ्याचें प्रमाण तेंच होतें. सिद्ध झालेलें अग्निचूर्ण शर्करेसारखें असावें असें ग्रंथकार म्हणतो. येथें 'साखरेप्रमाणें दळावें' एवढाच अर्थ घेण्याचा प्रघात आहे. परंतु शर्करा शब्दाचा मूळ अर्थ खडा, रेव असा आहे, आणि तोच येथें अभिप्रेत असावा असें आम्हांस वाटतें. पिठासारखी दारू गजानें कमीअधिक दाबली जाते व दर खेपेस निराळ्या वेगानें जळते; दाणेदार दारूच्या फटींतून विस्तव सारखा पसरतो. एकसारखा बार हवा असेल तर दाणा हवा.

त्याच प्रकरणांत बार भरण्याचा क्रम दिला आहे. आधीं नळी साफ करावी, मग दारू घालून गजानें बुडाशीं घट्ट बसवावी, नंतर गोळी, शेवटीं कानावर रंजक. साफ करणें प्रथम सांगितलें हें मार्मिक आहे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक अंश जळल्यावर घनरूपानें मागें राहतो, आणि तो खरवडून न काढल्यास पुढील बार पहिल्यासारखा होत नाहीं. एका बारास दारू किती, हें मात्र ग्रंथकार सांगत नाहीं. आणि तें योग्यच आहे, कारण तें माप ग्रंथाचें नसून त्या त्या बंदुकीचें असतें.

तें काढण्याची रीत एकच. थोड्या दारूनें आरंभ करून, गोळी व चिंधी तीच ठेवून, ठराविक अंतरावरील खुणेवर बार टाकावयाचे व माप किंचित किंचित वाढवावयाचें. एक गोळी खुणेस लागणें हा योगायोग. तीन-चार गोळ्या एकमेकींजवळ पडणें हें माप जुळल्याचें चिन्ह. त्यापुढें दारू वाढविली तर खांद्यास धक्का व नळीस काजळी अधिक, नेम मात्र फांकतो. जुळलेल्या मापाइतकें बांबूचें किंवा शिंगाचें नळकांडें कापून शिंगास बांधलें कीं काम झालें. तें नळकांडें म्हणजे त्या प्रयोगाचा अक्षराविना लिहिलेला लेखच होय.

येडगांव येथें एका जुन्या घरीं हें त्रिकूट एकत्र पाहण्याचा योग आम्हांस आला. बंदूक पीकराखणीची, नळी अंगुळभर रुंदीचीहि नाहीं. पोकळ व्यास 13 मिलिमीटर. सांच्याची गोळी तोळ्यास किंचित कमी, म्हणजे चिंधीपुरती जागा सोडलेली. नळकांड्यांत पाणी भरून मोजलें असतां तें चार घन सेंटिमीटर भरलें. इतकी दारू सुमारें चार मासे होते. म्हणजे गोळीच्या वजनाचा तिसरा हिस्सा. इंग्रजी पायदळाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचें प्रमाणहि साधारण हेंच होतें. उलट 1853 च्या एनफील्ड रायफलीस 530 ग्रेनांच्या गोळीमागें अडीच ड्राम, म्हणजे आठव्या हिश्शाइतकीच दारू पुरे; कारण ती गोळी फुगून नळीस चिकटे व धूर वायां जात नसे. तेव्हां येडगांवचें माप हें अज्ञानाचें नसून सैल वाटोळ्या गोळीस साजेसें आहे. लहान गोळी पसंत करण्यांत काटकसरहि आहे: त्याच शिशांत दोन तोळ्यांच्या गोळीपेक्षां दुप्पट बार निघतात, आणि ज्वारींत शिरलेल्या कोल्ह्यासाळिंदरास तेवढी पुरे.

दारू सर्द झाली कीं हीं सर्व मापें व्यर्थ. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्यास, दारूस सरदी न लागूं देण्यास व हवालदारानें आठ-पंधरा दिवसांनीं ती बाहेर काढून ऊन देण्यास सांगितलें आहे, त्याचें मर्म हेंच. याच मुलुखांत मोठ्या मापाचीहि विद्या होती. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील 1928 च्या ग्रंथांत नोंदविलेला, थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींतील 1765-66 चा तोफगोळ्यांचा कारखाना आंबेगवणचा. तें ओतूरजवळील आंबेगव्हाणच, असें आम्ही समजतों.

1977 मध्यें कुकडीवर येडगांवचें धरण झालें. आज त्या शिवारांत उसाचें राज्य आहे व उसांत बिबट्या. 1972 च्या कायद्यानें वन्य प्राण्यांस संरक्षण दिलें, आणि राखणीची बंदूक माळ्यावर गेली. तेथूनच ती आतां भंगारांत जाण्याचा संभव आहे. संग्राहकांस आमची विनंति इतकीच. बंदुकीची नोंद करतांना नळीचा पोकळ व्यास, सांच्यांतील गोळीचें वजन व नळकांड्यांत मावणारें पाणी, हीं तीन मापें अवश्य लिहावीं. परवान्याचे कायदे पाळावे. आणि नळी हाताळण्यापूर्वीं जाणत्याकडून गज घालून पाहावें, कारण जुना बार आंत तसाच राहिलेला असूं शकतो. मोडी याद्यांतील गोळीचे तोळे-मासेहि छापतांना गाळूं नयेत. ज्यांची बंदूक गेली व सांचा उरला, त्यांनीं सांचा तरी टाकूं नये. त्यावरून गेलेल्या बंदुकीचें नांव अद्याप सांगतां येतें.