जळालेल्या चित्रपटांचे साक्षीदार

कोल्हापुरात चार माणसे पारावर बसली आणि बोलणे सिनेमावर आले, म्हणजे मग घड्याळाकडे कोणी बघत नाही. भालजींचा कोणता चित्रपट सरस, कोणत्या गाण्याला थेटरात पैसे उधळले, कोणत्या नटाने घोड्यावर मांड चांगली ठोकली, यावर हमरीतुमरी होते. शेवटी एखादा म्हातारा सगळ्यांना गप्प करतो: "तुम्ही काय बघितलंय? आमच्या टायमाला बघायचा हुता!" हे बोलणे आपण रिकामटेकड्यांचे समजतो. मास्तरांनी शिकवायचा इतिहास वेगळा, त्यात सनावळ्या असतात, सनदा असतात. परंतु कोल्हापूरच्या पहिल्यावहिल्या चित्रपटांपुरते बोलायचे, तर याच रिकाम्या गप्पा आज दस्तऐवजाच्या तोलाच्या आहेत. कसे, ते सांगतो.

आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले मावस-चुलत भाऊ म्हणा, भाऊच ते. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसले. मुंबईत फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली लागला, तेव्हापासून दोघांच्या डोक्यात एकच वेड शिरले. विलायती कॅमेरा घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा तो आपणच करायचा! आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे साहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

त्या कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री'. तो 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी, पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्या काळी बाईमाणसाने सिनेमात जाणे म्हणजे काय होते, हे गावाकडच्या मंडळींना मी सांगायला नको. कीचकवधाचा देखावा तर इतका हुबेहूब होता, की सेन्सॉरची वक्रदृष्टी त्याच्यावर झाली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात लोकमान्य गेले.

आता तुम्ही म्हणाल, हा 'सैरंध्री' आम्हाला बघायला कुठे मिळेल? कुठेच नाही. एक रीळसुद्धा उरलेले नाही.

हे असे का झाले? त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती गवताच्या गंजीसारखी पेट घेई, आणि पेटली म्हणजे पाणी मारून विझत नसे. जी आगीतून वाचली ती दमट हवेने चिकट होऊन कुजली. आणखी एक कारण ऐकून वाईट वाटते. फिल्मवर चांदीचा अंश असतो. बोलपट आले, मूकपटांना कोणी विचारीना, तेव्हा जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेली. भारतात तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले पुरे-अपुरे धरून तीसएक हाती आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वाट्याला त्यांतले थोडे तुकडे. कोल्हापुरात 1948 साली गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही भस्म झाला. 'मीठ भाकर' त्यांना पुन्हा काढावा लागला. पुण्यात 1964 साली सरकारने चित्रपटांचे संग्रहालय काढले, पण तिथल्या नायट्रेट फिल्मच्या कोठारालाही 2003 साली आग लागलीच.

मग उरले काय? बाबूरावांच्या 'कल्याण खजिना' या 1924 च्या चित्रपटाचे रंगीत भित्तिपत्रक उरले. आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-जाहिरातींत ते सर्वांत जुने मानतात. चित्रपट गेला, भिंतीवर डकवायचा कागद राहिला! आणि उरल्या त्या चोपड्या. थेटराच्या दारात पैसा-दोन पैशाला कथासार आणि गाणी छापलेली चोपडी मिळे. शौकीन माणूस ती घरी नेई, आणि मग ती ट्रंकेच्या तळाशी पडून राही. आज कित्येक बोलपटांतली नटमंडळी कोण आणि गाणी किती, हे ठरवायला अभ्यासकाला त्या चोपडीवाचून गती नाही. म्हणजे बघा, ज्याला घरच्यांनी "सिनेमाचा नादी" म्हणून नावे ठेवली, तोच आपला दप्तरदार ठरला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे लोकांची आठवण. तिचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. बाबूरावांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. ना. ह. आपट्यांची कथा, कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांचे चित्रपट जिकडेतिकडे चालू असताना कुणब्याचे दुःख पडद्यावर आणणे हे धाडसच होते. हाच विषय बाबूरावांनी 1936 साली बोलपटात पुन्हा घेतला. मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे आठवण लिहून ठेवली, की मूकपट आपल्याला अंधुकच आठवतो. पण बोलपटातली ती भकास झोपडी, अंधुक उजेड आणि रात्री भेसूर रडणारे कुत्रे आठवले की आजही भान हरपते. एका प्रेक्षकाच्या या चार ओळी. बाबूराव किती मोठे कलावंत होते, हे त्या जितके सांगतात तितके कंपनीचे हिशेब सांगणार नाहीत.

पण इथेच सावध राहायला हवे. पुढे पुष्कळांनी ते कुत्रे 1925 च्या मूकपटात नेऊन बसवले. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू कसे येणार? आठवण अशी दोन चित्रपट एकात मिसळते. वर्ष चुकते, थेटर चुकते, नट बदलतो. तेव्हा सन पाहिजे तर तो जाहिरातीवरून, वर्तमानपत्रावरून पक्का करावा; म्हाताऱ्याच्या शब्दावर ठरवू नये. मात्र लोक कुठे रडले, कुठे शिट्ट्या झाल्या, बायका कुठल्या प्रसंगाला पदर डोळ्याला लावीत, हे जाहिरात सांगत नाही. ते म्हाताऱ्यालाच विचारावे.

शहराला ही आठवण किती जिवाची वाटते, ते 2022 साली दिसले. जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचे कळले आणि कोल्हापुरात उपोषणे सुरू झाली. त्या आवारात वर्षानुवर्षे कोणी चित्रीकरण पाहिले नव्हते, तरी माणसे उन्हात बसली. प्रभात कंपनीसुद्धा 1929 साली इथेच निघाली, पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' इथेच झाला, आणि 1933 साली ती पुण्याला गेली. 'गेली' हा शब्द कोल्हापूरकर अजून जरा दुखऱ्या सुरात उच्चारतो.

शहराचे लिहिणारे पुष्कळ आहेत. गावाकडच्या तंबूचे कोणी लिहिले नाही, म्हणून शिक्षकमंडळींना एक काम सांगतो. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू कुठे पडे, तिकीट किती, रीळ बदलताना अंधारात काय गोंधळ होई, बैलगाड्या किती कोसांवरून येत, हे वर्गातल्या मुलांना घरच्या आजा-आजीकडून लिहून आणायला लावा. कोणी सांगेल, "हंसा वाडकरला बघायला तीनदा गेलो." लिहून घ्या. चूक वाटले तरी खोडू नका, शेजारी खूण करून ठेवा. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला; पुण्याच्या विजयानंदमध्ये तो 131 आठवडे चालला, हे छापून आलेले आहे. तुमच्या गावच्या तंबूत तो किती रात्री चालला, हे छापलेले नाही. आणि तो तिथे बघितलेला चौदा वर्षांचा पोरगा आज ऐंशीच्या घरात आहे.