दोष जोडाचा कीं पोलादाचा ?

गांवच्या लोहाराच्या भट्टींत दोन लोखंडी टोकें पांढरीं होईपर्यंत तापवून, एकावर एक ठेवून घणानें ठोकलीं म्हणजे तीं एकजीव होत. बैलगाडीच्या चाकाची धाव याच रीतीनें सांधली जाई. हें काम साधे, याचें श्रेय लोहाराच्या हाताला जितकें, तितकेंच त्याच्या लोखंडालाहि होतें. कारण जुन्या घडीव लोखंडांत कार्बन नांवापुरताच असे. पुढें लोखंडाच्या जागीं पोलाद आलें आणि सांधण्याची विद्या अवघड झाली. ही अडचण जगाला नीट उमगण्यासाठीं पूल पडावे लागले आणि जहाजें दुभंगावीं लागलीं.

१८५६ सालीं बेसेमरनें आपल्या रीतीचें पेटंट घेतलें व पोलाद स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. १८८० नंतरच्या दशकांत रशियांत बेनार्दोस यानें विजेच्या ज्योतीनें धातु वितळवून सांधण्याची युक्ति काढली, आणि १९०७ च्या सुमारास स्वीडनच्या केलबेर्ग यानें जोडकामाच्या कांडीवर लेप देण्याची सुधारणा केली. १९२० सालीं ‘फुलगार’ हें रिव्हेटाशिवाय बांधलेलें जहाज इंग्लंडांत तयार झालें. रिव्हेट गेले, वजन घटलें, वेळ वांचला. या उत्साहांत एक प्रश्न मागें पडला, तो हा कीं रिव्हेटासाठीं जें पोलाद चांगलें, तें वेल्डिंगलाहि चांगलें असेलच काय ?

पहिला इशारा बेल्जममध्यें मिळाला. हासेल्ट येथें आल्बर्ट कालव्यावर बांधलेला वेल्डिंगचा पूल १९३८ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस सकाळीं मोठा आवाज होऊन तडकला व कांहीं मिनिटांतच कालव्यांत कोसळला. सुदैवानें तेवढ्या अवधींत माणसें दूर झालीं आणि कोणी दगावलें नाहीं. पूल बांधून दोन वर्षेंच झालीं होतीं. १९४० च्या जानेवारींत, कडाक्याच्या थंडींत, त्याच देशांतील आणखी दोन पुलांना तडे गेले.

मग महायुद्ध आलें. अमेरिकेनें ‘लिबर्टी’ जातीचीं २,७१० मालवाहू जहाजें वेल्डिंगनें उभीं केलीं. थोड्याशा शिक्षणावर हजारों नवे कामगार गोद्यांत उतरले. त्यांत स्त्रियाहि पुष्कळ होत्या. १९४३ च्या जानेवारी महिन्याच्या १६ तारखेस रात्रीं पोर्टलंड येथील धक्क्याला ‘स्केनेक्टडी’ नांवाचें नवें तेलवाहू जहाज शांतपणें बांधून ठेवलेलें होतें. वादळ नव्हतें, लाट नव्हती. नुकतीच त्याची सागरी चांचणी झाली होती. एकाएकीं तोफेसारखा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलें. केवळ तळाचे पत्रे तेवढे तुटावयाचे राहिले.

साहजिकच बोट प्रथम दाखविलें गेलें तें वेल्डरकडे. कांहीं ठिकाणीं त्यांचें काम सदोष होतेंहि. परंतु सर्व अपराध त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हतें. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनीं फुटलेल्या पत्र्यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, मूळ दोष पोलादांतच होता. उन्हाळ्यांत जें पोलाद वांकेल पण तुटणार नाहीं, तेंच एका ठराविक उष्णतामानाच्या खालीं गेलें म्हणजे कांचेसारखें ठिसूळ होई. फळ्याच्या चौकोनी कोपऱ्यावर किंवा जोडांतील एखाद्या खांचेवर ताण एकवटला कीं तेथून तडा निघे. रिव्हेटाच्या जहाजांत तो तडा पत्र्याच्या कडेशीं थांबे. वेल्डिंगच्या जहाजांत सर्व पत्रे एकजीव असल्यामुळें त्याला वाटेंत अडविणारें कोणी नसे. म्हणजे जोडानें तड्याला वाट दिली खरी, पण ठिसूळपणा पोलादाचा होता. युद्धानंतर जहाजी पत्र्यांचे नियम कडक झाले, त्याचें मूळ या शोधांत आहे.

हीच गोष्ट कारखान्यांतील लहान भागांनाहि लागू पडते. लेथवर काम करणाऱ्याला गंधकमिश्रित पोलाद प्रिय असतें. साध्या पोलादांत गंधक शेंकडा ०.०५ हूनहि कमी ठेवतात, तर या पोलादांत तो मुद्दाम ०.२ ते ०.३ पर्यंत घालतात. त्यामुळें कीस बारीक तुटून पडतो, हत्यार कमी झिजतें आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पण तोच भाग पुढें मोडला व वेल्डिंगला आला, कीं जोड थिजत असतांनाच गंधकाचे थर कणांमध्यें वितळलेले राहतात आणि जोड उभा फाटतो. दांडे व दांत्यांचीं चाकें यांचें पोलाद निराळें. त्यांत कार्बन शेंकडा ०.४ च्या आसपास असतो. त्याला वेल्डिंगचा चटका देऊन तसेंच सोडलें, तर भोंवतालची थंड धातु ती उष्णता झपाट्यानें ओढून घेते, जोडालगतचा पट्टा पाणी पाजल्यासारखा कठीण होतो, आणि कधीं कधीं कांहीं तासांनंतर तेथें तडा जातो. अशा भागाला आधीं ऊब द्यावी, कोरड्या कांडीनें जोड भरावा आणि नंतर तो सावकाश निवूं द्यावा, हाच त्यावर उपाय.

१९४० सालीं ब्रिटनमधील डिअर्डन व ओनील यांनीं या विचाराला आंकड्यांत बसविलें. कार्बनच्या प्रमाणांत मँगनीजचा सहावा हिस्सा व इतर मिश्र धातूंचे ठरलेले हिस्से मिळवावे. बेरीज जितकी मोठी, तितकें वेल्डिंग जोखमीचें. साधारणपणें ती ०.४ च्या आंत असेल तर चिंता थोडी. ज्या भागाला कधींकाळीं सांधावें लागेल, त्यासाठीं शेंकडा ०.२ च्या आंतबाहेर कार्बन असलेलें साधें मऊ पोलाद घेणें म्हणूनच शहाणपणाचें. लेथवर तें थोडें ओरबाडतें, कातणारा कुरकुरतो. पण ही कुरकुर एक दिवसाची असते.

लोहाराला हें गणित ठाऊक नव्हतें. पण हातीं आलेलें लोखंड सांधेल कीं नाहीं, हें तो भट्टींत घालण्यापूर्वीं पाही. पुलावरून जाणाऱ्याला किंवा जहाजांतल्या खलाशाला हें पाहतां येत नाहीं. त्याच्या वतीनें पोलाद निवडणाऱ्यानें तें पाहावें, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.