मॅम टॉर

मॅम टॉर : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील टेकडी व तिच्या माथ्यावरून जाणारी वर्तुळाकार पायवाट. उंची ५१७ मी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या पीक डिस्ट्रिक्ट या ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात ही टेकडी मोडते. फेरीचा आरंभ पायथ्याच्या कॅसलटन गावातून होतो. विनॅट्स या चुनखडकाच्या अरुंद घळीतून वा मोडक्या जुन्या रस्त्याने माथा गाठायचा, तेथून पूर्वेकडे डोंगरधारेने हॉलिन्स क्रॉसची खिंड, बॅक टॉर व लूज हिल (४७६ मी.) ओलांडून कुरणांतून गावात परतायचे, असा तिचा क्रम आहे. लूज हिल धरून लांबी सुमारे १० ते १३ किमी. भरते. चढ दमछाक करतो, पण दोराची गरज कोठेच पडत नाही; म्हणून ही फेरी मध्यम श्रेणीची मानतात.

माणसाने या डोंगरावर दोन वाटा बांधल्या. त्यांपैकी हलकी टिकली, जड मोडली. टेकडीत वालुकाश्म व शेल यांचे थर एकावर एक असून तळाशी ठिसूळ शेल आहे. त्यात पाणी मुरले की उतार सुटतो. पूर्वेकडील कडा सुमारे चार हजार वर्षांपूर्वी कोसळला आणि ती दरड अद्याप सरकत आहे. ‘थरथरता डोंगर’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. विनॅट्सची खडी चढण टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच दरडीवरून रस्ता काढण्यात आला. दर खचण्यानंतर वर नवे डांबर पडे. अखेर १९७९ मध्ये तो वाहनांसाठी कायमचा बंद झाला. तुटलेल्या कडेला आज डांबराचे थर एकावर एक उघडे दिसतात. मधली पांढरी रेघ मध्येच तुटून हातभर खाली पुन्हा सुरू होते. जी चढण टाळायची होती, तिच्यावरूनच आता मोटारी जातात.

ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप घेता येईल : रस्ता दरडीवर होता, पायवाट स्थिर धारेवर आहे. परंतु स्थिर जागा धरणे पायवाटेला जमते, कारण खडा चढ माणूस चढतो. गाडीरस्त्याला सौम्य उतार लागतो आणि त्यासाठी दरड ओलांडावी लागली. दुसरा आक्षेप फरसबंदीचा. माथ्यापासून हॉलिन्स क्रॉसपर्यंत दगडी फरश्या बसवल्याने डोंगराचे रानटीपण गेले, असे काहींना वाटते. मात्र हे रानटीपण येथे पूर्वीपासूनच नाही. माथ्याभोवती कांस्ययुगाच्या अखेरीपासूनच्या वसतीचे अवशेष व किल्ल्याचे तट आहेत. पायथ्याची ओडिन खाण मध्ययुगापासून शिसे देत होती. हॉलिन्स क्रॉसवरून पलीकडच्या ईडेल खोऱ्यातील माणसे आपली प्रेते दफनासाठी नेत. फरश्या नसत्या, तर पावलांनी माती झिजून तेच तट उघडे पडले असते.

टेकडीची मालकी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. फेरीसाठी सर्वांत जवळची रेल्वे स्थानके होप व ईडेल ही असून दोन्ही मँचेस्टर-शेफील्ड लोहमार्गावर आहेत.