टायबरकाठचा नाईक

इब्रामपूर हे पेडणे महालाच्या सरहद्दीवरील गाव. १७८८ साली पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालून पोर्तुगिजांकडे गेले आणि एकाच मुलखाचे दोन भाग झाले. दोहों बाजूंची भाषा, दैवते आणि सोयरिकी एकच राहिल्या, राज्ये मात्र निराळी. दुसऱ्या महायुद्धात या सीमेला नवाच अर्थ आला. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे गोवा युद्धाबाहेर राहिला. १९४३ च्या मार्चमध्ये मुरगाव बंदरातील जर्मन जहाजावर झालेला छापा वगळला, तर रणधुमाळी येथवर पोहोचली नाही. सीमेपलीकडे मात्र ब्रिटिश हिंदुस्थान युद्धात उतरला होता आणि कोकणातील तरुण बेळगावच्या मराठा पलटणीच्या वर्दीत समुद्रापार जात होते.

त्यांपैकीच एक यशवंत घाडगे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. नाईक हा काही सेनापती नव्हे. रणनीतीच्या नकाशावर त्याचे बोट फिरत नाही. हाताखालच्या मूठभर शिपायांची तुकडी घेऊन सर्वांत पुढे जाणे, हे त्याचे काम.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. नाईक सोडून बाकीचे सारे ठार किंवा जखमी झाले. मागे वळण्यास अशा वेळी कोणी दोष दिला नसता. घाडगे मात्र एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातगोळा फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी केले, आणखी एकास गोळीने टिपले. बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास अवधी उरला नाही, तेव्हा ती नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या रणांगणात दिल्या गेलेल्या अशा वीस पदकांपैकी सहा हिंदी सैनिकांच्या वाट्याला आली.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. १९४४ साली देश परतंत्र होता. १९४२ च्या आंदोलनातील कितीतरी माणसे अजून तुरुंगात होती, आणि हा तरुण त्याच साम्राज्याच्या झेंड्याखाली लढत होता. मग त्याचे स्मरण आपण कोणत्या नात्याने करावे? गोमंतकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण परक्या राजवटीची नोकरी करून घर चालविणारी माणसे येथेही होती. अशा माणसांना देशद्रोही ठरविणे जितके सोपे, तितकेच त्यांना स्वातंत्र्यवीर ठरविणेही सोपे. पण दोन्ही असत्य होय. दोन युद्धांत मिळून लक्षावधी हिंदी तरुण फौजेत गेले. त्यांत पोटाची गरज होती, घराण्याची परंपरा होती, पलटणीचा अभिमान होता. पण दहा जुलैच्या त्या क्षणी घाडग्यांसमोर साम्राज्य नव्हते. समोर मशीनगन होती आणि मागे त्यांची पडलेली माणसे होती.

त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. ज्यांची समाधी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते स्मारक आहे. म्हणजे पळसगावच्या या मुलाला ना कोकणची माती लाभली, ना परदेशात नावाची शिळा. २०२३ साली मात्र टायबरखोऱ्यातील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा तिच्यावरील लॅटिन बोधवाक्याचा आशय आहे.

इब्रामपुरास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तहात आखलेल्या एका रेषेने कोणी युद्धात जायचे आणि कोणी घरी राहायचे हे ठरविले. १९६१ च्या डिसेंबरात ती रेषा पुसली गेली. रेषेपलीकडून गेलेले आणि परत न आलेले शिपाई मात्र आपल्याच मुलखाचे होते, एवढे तरी आपण विसरू नये.